ओळ कुठे संपते? विंडोज, लिनक्स आणि गिट

मागच्या दोन भागांत आपण गिटमधलं कमिट आणि ब्रँच पाहिलं. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या शब्दांत, पण एकच आला. "मी फाइलमधली एक ओळ बदलली. गिट म्हणतंय सगळ्याच बदलल्या. असं का?" काहींनी तर लिहिलं की आम्ही काहीच बदललं नव्हतं, फाइल उघडली आणि सेव्ह केली, एवढंच.

गिट इथे खोटं बोलत नाही. सगळ्या ओळी खरोखरच बदललेल्या असतात. फक्त बदल अशा जागी झालेला असतो, जिथे आपली नजर कधी जात नाही. ती जागा म्हणजे ओळीचा शेवट. आजचा भाग तेवढ्याविषयीच आहे.

एक सूचना आधीच देतो. व्हिडिओत आज्ञा पडद्यावर दिसत होत्या. या पुस्तकात त्या देवनागरीत छापल्या आहेत. कळफलकावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

कॉम्प्युटरच्या लेखी फाइलमध्ये ओळी नसतातच. असते ती बाइटांची एक लांबच लांब रांग. 'इथे ओळ संपली' हे सांगायला त्या रांगेत मध्ये मध्ये एक खूण घालावी लागते. ही खूण कोणती असावी यावर एकमत झालं नाही, आणि त्या मतभेदाचं मूळ कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे.

तालुका कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे टंकलेखक ज्यांनी पाहिलेत, त्यांना आठवेल. ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि टंकलेखक दांडी ढकलायचा. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची. कागद एक ओळ वर सरकायचा, आणि कागदासकट तो सगळा गाडा सरकून नव्या ओळीची सुरुवात समोर यायची.

टेलिप्रिंटरमध्ये ही दोन कामं सुटी केलेली होती. 'कॅरेज रिटर्न' म्हणजे छापणारा भाग डावीकडे परत आणणे. 'लाइन फीड' म्हणजे कागद एक ओळ पुढे सरकवणे. सुटं ठेवण्यात सोयही होती. नुसतं कॅरेज रिटर्न दिलं तर त्याच ओळीवर पुन्हा छापता यायचं, म्हणजे शब्दाखाली रेघ मारता यायची. तरुण अधिकारी असताना सिग्नल सेंटरमध्ये मी ही यंत्रं रात्र-रात्र खडखडताना ऐकली आहेत. ऑपरेटरच्या बोटांना ती जोडी इतकी सवयीची असायची की तो बोलता बोलता ती दाबून जायचा. आधी कॅरेज रिटर्न, मग लाइन फीड. क्रम हाच, उलटा नाही, आणि त्यालाही कारण होतं. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं. छापणाऱ्या भागाला उजव्या टोकावरून डावीकडे परतायला मात्र एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागायचा. परतीचा हुकूम आधी दिला की कागद सरकेपर्यंत त्याला तेवढी उसंत मिळायची. नाहीतर पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर वाटेतच कुठेतरी उमटायचं.

त्याच १९६३ साली आलेल्या आस्की संकेतावलीत कॅरेज रिटर्नला १३ आणि लाइन फीडला १० हा क्रमांक मिळाला. पुढच्या सगळ्या गोंधळातली पात्रं एवढीच: १३ आणि १०.

मल्टिक्स नावाची कार्यप्रणाली बनवणाऱ्यांनी ठरवलं की फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एकच खूण पुरे, लाइन फीड म्हणजे १०. यंत्राला दोन हुकूम लागत असतील तर ते यंत्राकडे पाठवताना घालावेत, फाइलमध्ये साठवू नयेत. युनिक्सने तेच उचललं, लिनक्सने पुढे चालवलं, आणि २००१ पासूनच्या मॅकमध्येही तेच आहे. दुसरीकडे सीपी/एम या प्रणालीने टेलिप्रिंटरची जोडी तशीच ठेवली. तिच्याकडून ती १९८१ च्या डॉसकडे गेली आणि डॉसकडून विंडोजकडे. म्हणून विंडोजमध्ये आजही ओळ १३ आणि १० अशा जोडीने संपते. जुन्या मॅकची तऱ्हा तिसरीच होती, तिथे नुसतं १३. तो प्रकार आता फक्त जुन्या फायलींत सापडतो.

विंडोजला यावरून हसणारे बरेच भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो की तुमचा ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे जातो तेव्हा त्यातली प्रत्येक ओळ त्याच जोडीने संपते. इंटरनेटच्या जुन्या नियमांनी टेलिप्रिंटरचीच पद्धत घेतली आहे. मला स्वतःला युनिक्सचा निर्णय जास्त पटतो, पण दोन्ही घरांत लोक गुण्यागोविंदाने राहतात. अडचण येते ती एका घरातली फाइल दुसऱ्या घरात जाते तेव्हा. विंडोजच्या नोटपॅडला तर २०१८ पर्यंत नुसती १० ही खूण समजतच नव्हती. लिनक्सवरून आलेली फाइल त्यात उघडली की सगळा मजकूर एका न संपणाऱ्या ओळीत दिसायचा.

गिटला एवढं काय खुपतं?

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं. गिट फाइलमधल्या प्रत्येक बाइटचा हिशोब करून त्या मजकुराचा एक ठसा काढतं. एक बाइट बदलला की ठसा बदलला. दोन आवृत्त्यांची तुलना करताना ते ओळीला ओळ लावून बघतं. जुन्या फाइलमध्ये 'राम, १०' आणि नव्या फाइलमध्ये 'राम, १३, १०' असेल, तर आपल्याला दोन्हीकडे रामच दिसतो. गिटला त्या दोन वेगळ्या ओळी दिसतात. असं फाइलभर झालं की जुन्या सगळ्या ओळी लाल आणि नव्या सगळ्या हिरव्या.

तुम्ही म्हणाल, दिसू देत लाल-हिरवं, मजकूर तर तोच आहे ना? इथे मला एक प्रसंग सांगायचा आहे, कारण त्यानंतर या विषयाला किरकोळ म्हणणं मी सोडलं.

माजी सैनिकांच्या कुटुंबांना निवृत्तिवेतनाचा हिशोब तपासून देणारा एक लहानसा स्वयंसेवी गट आहे. कोणी बेळगावला, कोणी इंदूरला, कोणी वडोदऱ्याला. बहुतेक मराठी माणसं, पण कॉम्प्युटर प्रत्येकाचा निराळा. दरांचा तक्ता एका सीएसव्ही फाइलमध्ये, साधारण साडेसहाशे ओळी, आणि ती फाइल गिटमध्ये. एका सदस्याने ती विंडोजवर एक्सेलमध्ये उघडली, एक दर सुधारला आणि सेव्ह केली. विंडोजवरच्या एक्सेलने आपल्या रीतीप्रमाणे प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० लिहिले. फाइलमध्ये आधी नुसतं १० होतं. तपासणाऱ्याच्या पडद्यावर साडेसहाशे ओळी लाल आणि साडेसहाशे हिरव्या आल्या. त्याने वरच्या चार ओळी पाहिल्या, अक्षरन् अक्षर तेच दिसलं, आणि त्याने मंजुरी दिली. त्याला मी दोष देत नाही. साडेसहाशे सारख्या दिसणाऱ्या जोड्या डोळ्यांनी ताडून बघणं हे माणसाचं काम नव्हे.

पण त्या ढिगाऱ्यात दोन बदल खरे होते. एक हवा असलेला. दुसरा असा की एक्सेलमध्ये चौकटीचा कोपरा चुकून खाली ओढला गेला होता आणि वरच्या ओळीतला आकडा खालच्या ओळीत उतरला होता. वरची ओळ साधारण कुटुंब निवृत्तिवेतनाची, ३० टक्के. खालची विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाची, म्हणजे सेवेशी संबंधित कारणाने सैनिकाचा मृत्यू झाला असेल तेव्हाची, ६० टक्के. तिथेही ३० झाले.

पुढे एका वीरपत्नीचा हिशोब या तक्त्यावरून काढला गेला. तिचा हक्क विशेष दराचा होता आणि तिला मिळत होता साधारण दर. म्हणजे तिची तक्रार अगदी रास्त होती. तक्त्याने सांगितलं, मिळतंय ते बरोबर आहे. तसं तिला फोनवर कळवलंही गेलं, अर्ज करायची गरज नाही म्हणून. गटातल्या एका निवृत्त सुभेदार मेजर साहेबांना हे दर तोंडपाठ होते. महिनाअखेरीला कागद चाळताना ते त्या ३० वर अडखळले म्हणून बरं. तिला पुन्हा फोन गेला, अर्ज गेला. ते कागद त्यांच्या हाती आले नसते, तर ती बाई निम्म्या रकमेवर गप्प बसली असती.

आकडा कोणी आणि केव्हा बदलला हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे. कोणती ओळ शेवटी कोणाच्या हातून बदलली ते ती दाखवते. तिने साडेसहाशेच्या साडेसहाशे ओळींपुढे एकच नाव आणि एकच तारीख दाखवली. त्याआधी तीन वर्षं प्रत्येक दर कोणी, कुठल्या परिपत्रकावरून भरला हे कमिटच्या संदेशांत नीट लिहिलेलं होतं. ते सगळं एका पातळ थराखाली गाडलं गेलं होतं. पुसलं गेलं नव्हतं, पण समोरून दिसेनासं झालं होतं. मग 'गिट ब्लेम -डब्ल्यू' चालवलं. हा पर्याय रिकाम्या जागा आणि कॅरेज रिटर्न यांच्याकडे काणाडोळा करतो. साडेसहाशे ओळींना आपापली खरी नावं परत मिळाली आणि त्या तारखेच्या दोनच ओळी उरल्या. तुलना करताना हेच काम 'गिट डिफ --इग्नोअर-सीआर-अ‍ॅट-ईओएल' करतं. टर्मिनलवर नव्या ओळींच्या शेवटी '^एम' अशी खूण चमकताना दिसली की समजा, हाच तो १३ आहे, आणि हा पर्याय लावून पुन्हा बघा. बहुतेक संकेतस्थळांवर तपासणीच्या पानावर रिकाम्या जागांचे फरक लपवायचं बटणही असतं. पूर्ण फाइल लाल-हिरवी दिसली तर ते बटण दाबल्याशिवाय मंजुरी देऊ नका.

हा झाला उपचार. आता पथ्य.

विंडोजवर गिट बसवताना मध्येच एक प्रश्न येतो आणि बहुतेक जण 'नेक्स्ट' दाबून पुढे जातात. त्यात तीन पर्याय असतात. पहिला: रिपॉझिटरीत जाताना ओळींचा शेवट लिनक्ससारखा करा आणि बाहेर काढताना विंडोजसारखा. दुसरा: आत जाताना बदला, बाहेर काढताना हात लावू नका. तिसरा: कुठेच हात लावू नका. या सेटिंगचं नाव 'कोअर.ऑटोसीआरएलएफ', आणि तीन पर्यायांच्या किमती अनुक्रमे 'ट्रू', 'इनपुट' आणि 'फॉल्स'. आमच्या वडोदऱ्याच्या सदस्याने तिसरा निवडला होता. कोणीतरी तसं करायला सांगितलं होतं म्हणे.

इंटरनेटवर या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर सापडतं: 'ऑटोसीआरएलएफ ट्रू करा, काम झालं.' एकट्याने काम करत असाल तर ते ठीक आहे. गटासाठी मला ते पटत नाही, आणि कारण तांत्रिक कमी, शिस्तीचं जास्त आहे. ही सेटिंग ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर राहते. रिपॉझिटरी क्लोन केली तर ती सोबत येत नाही. नवा माणूस आला, कोणी लॅपटॉप बदलला, कोणी विंडोज नव्याने टाकलं की पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा 'नेक्स्ट'. पलटणीत गेटवर कोणाला आत सोडायचं हे पहारेकऱ्याच्या मर्जीवर ठेवत नाहीत. ते स्टँडिंग ऑर्डरमध्ये लिहितात आणि ती ऑर्डर गेटवरच लावतात. पहारेकरी बदलतो, ऑर्डर तिथेच राहते.

गिटमध्ये या स्टँडिंग ऑर्डरचं नाव आहे '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स'. टिंबाने सुरू होणारी एक साधी मजकुराची फाइल, रिपॉझिटरीच्या मुळाशी ठेवायची आणि कमिट करायची. ती क्लोनबरोबर सगळ्यांकडे जाते, आणि तिचा शब्द प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगच्या वर चालतो. आमच्या गटाच्या फाइलमध्ये पाच ओळी आहेत:

* टेक्स्ट=ऑटो
*.सीएसव्ही टेक्स्ट ईओएल=एलएफ
*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ
*.बॅट टेक्स्ट ईओएल=सीआरएलएफ
*.पीएनजी बायनरी

पहिली ओळ सांगते की कुठलीही फाइल आली तर ती मजकुराची आहे का ते गिटनेच ओळखावं, आणि असेल तर रिपॉझिटरीत साठवताना शेवट नुसत्या १० चा करावा. बाहेर काढताना ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरच्या रीतीप्रमाणे. दुसऱ्या ओळीमुळे सीएसव्ही कुठेही उघडली तरी तिचा शेवट १० चाच राहतो. एक्सेलने १३ घातले तरी पुढच्या वेळी फाइल आत घेताना गिट ते काढून टाकतं. ही ओळ आधीपासून असती, तर त्या दिवशी तपासणाऱ्याला दोनच ओळी लाल दिसल्या असत्या.

तिसरी ओळ लिनक्सवर चालणाऱ्या शेल स्क्रिप्टसाठी आहे, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे बदल दिसण्यापुरता राहत नाही, कामच बंद पडतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कुठल्या प्रोग्रॅमने चालवायची त्याचा पत्ता असतो, उदाहरणार्थ '/बिन/बॅश'. फाइल विंडोजवरून १३ घेऊन आली तर लिनक्स तो १३ पत्त्याचाच भाग समजतं. मग ते 'बॅश' आणि पुढे एक अदृश्य अक्षर अशा नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतं. तसा प्रोग्रॅम नसतो. उत्तर मिळतं, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तर डोळ्यांसमोर आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतो फाइल नाही. डॉकर वापरणाऱ्या कितीतरी तरुणांची अख्खी संध्याकाळ यात गेलेली मी पाहिली आहे. साप समजून भुई धोपटत बसतात, परवानग्या तपासतात, डॉकर काढून पुन्हा बसवतात. स्वतःच्या विंडोज लॅपटॉपवर तयार केलेल्या कंटेनरने हे उत्तर दिलं तर आधी ओळीचा शेवट बघा.

चौथी ओळ याच्या बरोबर उलट आहे. विंडोजच्या बॅच फायलींना १३ आणि १० ची जोडी लागते. नुसत्या १० वर त्या कधी चालतात, तर कधी उडी मारायची जागा त्यांना सापडत नाही. 'कधी चालतात' हाच त्यातला वाईट भाग. पाचवी ओळ चित्रांसाठी. चित्रातही १३ आणि १० हे बाइट येतच असतात, तिथे त्यांचा ओळीशी काही संबंध नसतो. गिट बहुधा चित्र आपणहून ओळखतं, पण लिहून ठेवलेलं बरं. तुमच्याकडे अशा फायली असतील ज्यांचा बाइटन् बाइट तसाच राहायला हवा, जसं डिजिटल सही केलेला मजकूर, तर त्यांच्यापुढे '-टेक्स्ट' लिहा. म्हणजे गिट त्यांना हात लावत नाही.

ही फाइल घातली म्हणजे जुनी घाण आपोआप निघते असं मात्र नाही. '* टेक्स्ट=ऑटो' नव्या फायलींची काळजी घेतं; आधीच १३ सकट आत गेलेल्या फायलींना ते हात लावत नाही. आधी पाहणी करा. 'गिट एलएस-फाइल्स --ईओएल' ही आज्ञा प्रत्येक फाइलपुढे काही नोंदी दाखवते. 'आय/' पुढे रिपॉझिटरीतला शेवट कसा आहे ते, 'डब्ल्यू/' पुढे तुमच्या डिस्कवरचा. 'डब्ल्यू/सीआरएलएफ' विंडोजवर दिसलं तर घाबरू नका, ते स्वाभाविक आहे. 'आय/सीआरएलएफ' दिसलं तर ती फाइल साफ करायची. 'आय/मिक्स्ड' म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकार. ती फाइल दोन घरांतल्या माणसांनी आळीपाळीने हाताळलेली असते.

साफसफाईची आज्ञा 'गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .' अशी आहे, शेवटच्या टिंबासकट. ती २०१८ च्या जानेवारीत आलेल्या गिट २.१६ पासून मिळते. आज्ञा सोपी आहे, वेळ मात्र नीट निवडा. सगळ्यांनी आपलं अर्धवट काम आधी पाठवून द्यावं, आणि मग एकाच माणसाने हे करावं. दोन ब्रँचवर काम चालू असताना एकाने साफसफाई केली तर मर्ज करताना पूर्ण फाइलचा कॉन्फ्लिक्ट उभा राहतो. तशी वेळ आलीच तर 'गिट मर्ज -एक्स रीनॉर्मलाइझ' मदतीला येतं, पण ती वेळ न आणलेली चांगली. या कमिटमध्ये दुसरा एकही बदल घालू नका, एक स्वल्पविरामसुद्धा नाही. कमिट झालं की बाकीच्यांनी रिपॉझिटरी नव्याने क्लोन करावी. यापेक्षा चतुर मार्ग आहेत, पण सगळेच काही गिटमध्ये मुरलेले नसतात आणि नवा क्लोन कोणालाही जमतो.

या कमिटमुळे साहजिकच पुन्हा एकदा सगळ्या ओळींवर एकाच माणसाचं नाव चढतं. त्यासाठी २०१९ च्या गिट २.२३ पासून एक चांगली सोय आहे. '.गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज' नावाची फाइल करा, त्यात त्या कमिटचा पूर्ण क्रमांक लिहा, आणि 'ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल' या सेटिंगला तिचं नाव द्या. ब्लेम मग त्या कमिटच्या पलीकडे बघतं. गिटहब या नावाची फाइल आपणहून ओळखतं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर मात्र ती सेटिंग प्रत्येकाने एकदा करावी लागते.

नवी फाइल आत घेताना विंडोजवर 'एलएफ विल बी रिप्लेस्ड बाय सीआरएलएफ' अशी सूचना येते आणि तिच्याबद्दल मला घाबरून विचारतात. काही बिघडलेलं नसतं. पुढच्या वेळी ही फाइल डिस्कवर लिहिताना शेवट विंडोजसारखा होईल, एवढंच गिट सांगत असतं.

मराठी मजकुराचं काय?

हा प्रश्न इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून थोडा सविस्तर घेतो. आपल्यातले बरेच जण मराठी मजकूरही गिटमध्ये ठेवतात: भाषांतरं, शब्दयाद्या, शाळेचं साहित्य. तो यूटीएफ-८ मध्ये असेल तर ओळीच्या शेवटाची काळजी वर सांगितली तेवढीच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षराचे तीन बाइट होतात आणि तिन्ही १२७ च्या वरचे असतात. 'ऊ' म्हणजे २२४, १६४, १३८. त्यात १० किंवा १३ यायची सोयच नाही.

जुनं नोटपॅड मात्र मराठी फाइल सेव्ह करताना 'युनिकोड' नावाचा पर्याय पुढे करायचं, आणि त्याचा खरा अर्थ यूटीएफ-१६ असायचा. त्यात प्रत्येक अक्षराचे दोन बाइट. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचा एक बाइट ९ असतो, म्हणजे आस्कीतला टॅब. दुसरा बाइट अक्षराप्रमाणे बदलतो, आणि 'ऊ' साठी तो नेमका १० येतो. म्हणजे ऊस, ऊन, ऊब यांतलं पहिलंच अक्षर बाइट मोजणाऱ्या प्रोग्रॅमला ओळीचा शेवट वाटतं. पंजाबीच्या गुरुमुखी लिपीत तर प्रत्येक अक्षरात १० असतो आणि मल्याळममध्ये प्रत्येक अक्षरात १३. आपलं त्या मानाने थोडक्यात निभावलं म्हणायचं.

अशा फाइलमध्ये साध्या जागेसाठी आणि ओळीच्या शेवटासाठी शून्य हा बाइटही येतो. सुरुवातीच्या भागात शून्य दिसला की गिट ती फाइल मजकुराची मानत नाही, चित्रासारखी बायनरी मानतं. त्यामुळे ती सुरक्षित राहते, पण काय बदललं ते दिसत नाही. गिट फक्त एवढंच सांगतं की दोन बायनरी फायली वेगळ्या आहेत. यावर वैतागून कोणी '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स'मध्ये '*.टीएक्सटी टेक्स्ट ईओएल=सीआरएलएफ' असं दामटून लिहिलं, तर खरं नुकसान होतं. गिट बाहेर काढताना प्रत्येक १० च्या आधी १३ घालतं, 'ऊ' च्या पोटातल्या १० च्या आधीसुद्धा. दोन-दोनच्या जोड्यांत एक बाइट जास्त घुसला की तिथून पुढच्या जोड्या सरकतात आणि फाइलमध्ये मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू लागतात.

म्हणून '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' लिहिण्याआधी जुन्या मराठी फायली एकदा तपासा. नव्या नोटपॅडमध्ये खाली उजवीकडे एन्कोडिंग लिहिलेलं असतं. २०१९ पासून नव्या फायली आपोआप यूटीएफ-८ मध्ये होतात, पण जुनी फाइल जुन्याच रूपात उघडते आणि जुन्याच रूपात सेव्ह होते. तिथे यूटीएफ-१६ दिसलं तर 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये जाऊन एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, सेव्ह करा, आणि हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये द्या. ओळींच्या शेवटांची साफसफाई त्यानंतर.